सगळे रुळले, मीच राहिले

विद्यापीठाचं पहिलं सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘बाकीचे सगळे रुळले, मलाच का जमत नाही?’ पहिल्यांदाच घर सोडून आलेली मुलंमुली तो विचारतात, आणि विचारताना त्यांना फार लाज वाटत असते. म्हणून इथे एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा मनाशी जवळजवळ ठरवूनच आली होती. ‘मॅडम, प्रवेश रद्द करून घरी जावं म्हणते. एकटं राहणं माझ्याच्याने होणार नाही.’ संध्याकाळ झाली की रडू यायचं. सकाळची लेक्चर बुडत होती. जेवण खोलीतच, मोबाइल समोर ठेवून, तेही आठवलं तर. आईला दिवसातून सात-आठ फोन व्हायचे.

हे नैराश्य तर नाही ना, ते मी आधी पाहिलं. नैराश्यात उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ टिकतं. झोप, भूक, एकाग्रता हेही बिघडतं. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगून मदत घ्यायची, थांबायचं नाही. हिचं तसं नव्हतं. प्रयोगशाळेत दोन तास ती रमायची, हसायची. बाहेर पडली की पुन्हा घर आठवायचं. घराची ओढ अशीच येते-जाते, आणि हात रिकामे असले की जास्त येते.

मग मी तिला भावनांबद्दल फारसं विचारलं नाही. कालचा दिवस तासातासाने लिहून काढ म्हटलं, आणि शेजारी घरचा एखादा साधा दिवस. दोन्ही कागद समोर आले तेव्हा तीच म्हणाली, ‘घरी मला कधी काही ठरवावंच लागलं नाही.’ उठायची वेळ आईची, रात्रीच्या जेवणाची वेळ सगळ्यांची, दिवा बंद व्हायची वेळ बाबांची. दिवसाला आकार होता, पण तो दुसऱ्यांनी दिलेला. इथे आल्यावर तो एका दिवसात नाहीसा झाला, आणि सगळे निर्णय एकदम तिच्या अंगावर आले. यात तिची लायकी कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

आम्ही उठण्यापासून सुरुवात केली. ‘लवकर झोप’ हा सल्ला मी देत नाही. झोप हुकमाने येत नाही, पण ठरल्या वेळी उठता येतं, आणि रोज त्याच वेळी उठून सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ हळूहळू अलीकडे सरकतं, म्हणजे रात्री झोपही लवकर येऊ लागते. तिच्या वयाला ७ ते ९ तास झोप लागते. तिला जेमतेम पाच मिळत होती.

खरी अडचण वेगळीच निघाली. तिला रोज सकाळी आई फोन करून उठवायची. मी तिच्या संमतीने आईशीही बोलले. ‘मी फोन नाही केला तर ती उठणार नाही हो,’ त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, ‘तिचा आवाज ऐकल्याशिवाय माझाही दिवस सुरू होत नाही.’ मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलं घराबाहेर पडतात तेव्हा घरातल्यांनाही नव्याने राहायला शिकावं लागतं, आणि त्यांना ते कुणी सांगत नाही. फोन तोडायचे नव्हतेच. उठवायचा फोन बंद केला आणि रात्रीच्या जेवणानंतरचा एक निवांत फोन ठरवला. ‘जेवलीस का, झोपलीस का’ याऐवजी ‘आज काय झालं?’ असं विचारायचं. पहिल्या आठवड्यात तिची दोन लेक्चर बुडाली. आईचा जीव वरखाली झाला, पण त्यांनी फोन केला नाही. त्यांचं मला कौतुक वाटतं.

संध्याकाळचं दुखणं एकटेपणाचं होतं. शाळेत वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी ती इथल्या महिन्याभराच्या ओळखी ताडून पाहत होती. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थीही होते. साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, पक्की व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. हे ऐकून ती बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘म्हणजे अजून वेळच झालेला नाही.’ तिने संध्याकाळी ग्रंथालयात अभ्यासाला बसणारा एक गट धरला. रोज तीच माणसं, तीच जागा. गप्पा मारता आल्याच पाहिजेत असं बंधन नव्हतं, म्हणून तिला ते जमलं.

पैशांचं सोपं होतं: महिन्याची रक्कम आठवड्यांत वाटून घेतली. तापाचं मात्र तसं नव्हतं. मध्ये ती दोन दिवस तापाने फणफणली आणि शेजारच्या खोलीतही कळवलं नाही. ‘स्वतंत्र राहायचं म्हणजे आपलं आपण निभवायचं ना?’ नाही. वेळेवर कुणाला तरी हाक मारता येणं हा स्वतंत्र राहण्याचाच भाग आहे, आणि हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. आजारी पडल्यास आधी कुणाला सांगायचं, विद्यापीठाचं आरोग्य केंद्र कधी उघडं असतं, रात्री कुणाला फोन करायचा, हे तिने त्याच दिवशी लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

प्रवेश रद्द करण्याचा निर्णय आम्ही सत्रअखेरीपर्यंत बाजूला ठेवला होता. परत जाणं ही हार नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं होतं. फक्त रात्री, झोप झालेली नसताना तो घ्यायचा नाही. सुट्टीहून परतल्यावर पहिले काही दिवस पुन्हा जड जातात, याची तिला आणि आईला आधीच कल्पना दिली. तसे ते गेलेही. त्यानंतर तिने पुढच्या सत्राचं शुल्क भरलं, आणि आता महिन्यातून एकदा भेटलं तरी पुरे, हे तिनेच मला सांगितलं.