अप्रकाशित हस्तलिखित पुरस्काराला पाठवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 26, नऊ कथांचं हस्तलिखित तयार आहे, त्यातल्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्यात, एक फेसबुकवर आहे. तरुण लेखकांच्या अप्रकाशित हस्तलिखितांसाठीच्या पुरस्काराला हे चालेल का, आणि पाठवावं का?

जरूर पाठवा. मराठीत पहिलं पुस्तक निघाल्यावर मिळू शकणारे सन्मान बरेच आहेत. साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे, वयाची अट 35, पण तो छापून आलेल्या पुस्तकालाच मिळतो. अडतं त्याच्या आधी. मुंबईत नव्या कथाकाराला प्रकाशक गाठायचा म्हटलं, की बऱ्याचदा खर्चाचा वाटा उचलण्याची गोष्ट निघते. हस्तलिखिताचा पुरस्कार नेमका तिथे उपयोगी पडतो. म्हणून रकमेचा आकडा नंतर बघा. निवडलेलं हस्तलिखित पुस्तकरूपात कोण काढणार, किती मुदतीत, आणि संपादक त्यावर तुमच्यासोबत बसणार का, हे आधी विचारा. एका जाणत्या संपादकासोबतचे दोन महिने मला रकमेपेक्षा मोलाचे वाटतात.

आता हक्कांचं. कथा लिहून झाली की कॉपीराइट तुमचाच असतो, नोंदणीची सक्ती नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं वाक्य प्रवेशिकेत दिसलं तर सही करू नका, आधी पत्र लिहून खुलासा मागा. पहिल्या आवृत्तीचा हक्क देणं रास्त आहे. अनुवाद, ऑडिओबुक आणि वेबमालिका यांचे हक्क त्यासोबत सहज जाऊ देऊ नका.

दिवाळी अंकांतल्या कथांबद्दल: काही ठिकाणी संग्रह पुस्तक म्हणून अप्रकाशित असला की पुरतं, काही ठिकाणी प्रत्येक कथा कोरी हवी असते. नियम स्पष्ट नसेल तर आयोजकांना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फेसबुकवरची कथाही त्यात सांगा, लपवू नका. पोस्ट आता काढून टाकल्याने ती अप्रकाशित होत नाही.

हस्तलिखिताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्या फेरीचं वाचन मी केलं आहे. नऊ चांगल्या कथा एकत्र बांधल्या म्हणजे संग्रह होतोच असं नाही. लागोपाठ तीन कथांत लोकलचा डबा, चाळीचा पुनर्विकास आणि गावी राहिलेले आईवडील आले की चौथी कथा कितीही ताकदीची असो, वाचणारा थकलेला असतो. एखादी कथा गाळा. सातच उरल्या तरी चालेल, पानांची किमान अट मात्र तपासा. सर्वांत धीट कथा सुरुवातीला ठेवा. निवेदनात ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर असू दे, पण तुमची पात्रं आगरी किंवा वसईकडची वाडवळी बोलत असतील तर त्यांच्या तोंडचं बोलणं पुस्तकी करू नका. तो आवाज तुमच्याखेरीज दुसरं कोण आणणार?

टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं विस्कटतात. नाव गुप्त ठेवायची अट असेल तर पानांच्या वरच्या पट्टीतून, अर्पणपत्रिकेतून आणि फाइलच्या नावातूनही ते काढा.

निकाल लागेपर्यंत थांबून राहू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, त्यात पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. मंडळाचं कार्यालय प्रभादेवीला आहे. या वर्षीचं आवाहन निघालंय का ते तिथे विचारा, आणि तेच हस्तलिखित दोन्हीकडे चालतं का हेही विचारून घ्या.