पोरगं जेवत नाही, का पोट आधीच भरलंय?

पत्र (थोडं छाटलंय): "मावशी, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, अजिबात जेवत नाही. मोबाईल लावला तरच तोंड उघडतो, एकेक घास वीस वीस मिनिटं गालात धरून बसतो. दुधाच्या चार बाटल्या तेवढ्या गटागट पितो, त्यावरच जगलाय म्हणा. सकाळी आजीबरोबर चहा-बिस्कीट, संध्याकाळी आजोबा पेढा आणतात. वजन साडेअकरा किलो. जावेचं पोरगं त्याच वयाचं पण गुबगुबीत, त्यामुळं सासूबाई येताजाता ऐकवतात, पोराच्या बरगड्या मोजून घ्या म्हणून. घर माळकरी, अंडं चालत नाही. कुठलं टॉनिक देऊ? ता.क. हल्ली भिंतीचे पोपडे काढून खातो, माती चाटतो, ही सवय कशी मोडू? – कोरेगाव तालुक्यातली एक आई"

अगं पोरी, सगळं पत्र जेवणावर लिहिलंस आणि खरी गोष्ट ता.क. मधे घातलीस की. पोपडे आणि माती खाणं ही नुसती खोड नसते गं, अंगात लोह कमी असलं की मुलं असं करतात, म्हणून टॉनिकचं आत्ता राहू दे, आधी याच आठवड्यात डॉक्टरकडं जा आणि हिमोग्लोबिन तपासून घे. या वयात ११ च्या खाली आलं तर रक्त कमी आहे असं धरतात. आणि लाज वाटून घेऊ नकोस, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातली पाच वर्षांच्या आतली शंभरातली ६७ पोरं अशीच निघाली होती. जंताच्या गोळीचंही तिथंच विचार, माती खाणाऱ्या पोरांना जंत व्हायची भीती असते.

आता दूध. चार बाटल्या म्हणजे पाव-पाव लिटरच्या धरल्या तरी लिटरभर झालं ना? त्या एवढ्याशा पोटात लिटरभर दूध गेल्यावर भाकरी जाणार कुठं. दूध वाईट नाही, पण दुधात लोह जवळपास नसतंच, वर दुसऱ्या अन्नातलं लोहही ते नीट अंगी लागू देत नाही, आणि सकाळच्या चहाचं पण तेच. म्हणजे तू म्हणतेस दुधावर जगलाय, मी म्हणते दुधानंच अडवलंय. दिवसाला दोन कप, चारशे-पाचशे मिली, बास. ते पण पेल्यातून आणि जेवणानंतर. रात्रीची बाटली सगळ्यात आधी बंद कर, दात किडतात त्यानं. तीन-चार रात्री घर डोक्यावर घेईल, तेवढं सोसायचं.

वजनाचं म्हणशील तर साडेअकरा अंगणवाडीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातच येतं, खालच्या बाजूला आहे पण हिरव्यातच. दर महिन्याला वजन करून घे आणि रेघ वर चाललीय का तेवढं बघ, जावेच्या पोराकडं बघू नकोस. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, पुढं वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, मग भूक कमी होणारच की. सासूबाईंना पुढच्या वेळी अंगणवाडीत बरोबरच घेऊन जा, तक्ता सेविकाताईंनीच दाखवू दे. सुनेनं सांगितलेलं आणि ताईंनी सांगितलेलं यात फरक पडतो, हे मी तुला सांगायला नको.

ताटात काय, तर जे घरात शिजतं तेच. तुमच्याकडचा वाघ्या घेवडा सगळीकडं नाव कमावून आहे आणि तू मला टॉनिकचं नाव विचारतेस! घेवड्याची आमटी जरा घट्ट कर, त्यात चतकोर भाकरी कुस्कर, बोटभर तूप, आणि वरून लिंबू पिळायला विसरू नकोस, कारण डाळी-कडधान्यातलं लोह लिंबानं चांगलं अंगी लागतं. अंडं नाही तर लिंबाला सुट्टी नाही. एरवी हुलग्याचं माडगं, मेथी घालून मऊ थालीपीठ, नाचणीची आंबील. शेंगदाण्याचा कूट घाल, अख्खा दाणा मात्र हातात देऊ नकोस, घशात अडकतो, द्राक्षं पण उभी चिरून दे. आणि चतकोर म्हणजे चतकोरच हं. मोठ्या माणसाच्या पाव हिश्शात या वयाचं पोट भरतं, तू अख्खी भाकरी संपायची वाट बघत बसत असशील तर रडू येणारच.

मोबाईल बंद. एकदम बंद, कमी वगैरे नाही. कार्टून बघत गिळणाऱ्या पोराला पोट भरलेलं पण कळत नाही आणि भूक लागलेली पण कळत नाही. तीन वेळा जेवण, मधे दोनदा खाऊ, मधल्या वेळेत फक्त पाणी. सगळ्यांच्या पंगतीत त्याची छोटी ताटली मांड, त्याच्या हातानं खाऊ दे, निम्मं सांडेल, सांडू दे. काय वाढायचं आणि कधी ते तू ठरव, किती खायचं ते त्याला ठरवू दे. पंचवीस मिनिटांत नाही खाल्लं तर न ओरडता ताटली उचल. नवी भाजी दहा-बारा वेळा समोर आल्यावर कुठं मुलं तोंड लावतात, दोनदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं. मी माझ्या लेकीच्या मागं लाल भोपळ्याची वाटी घेऊन अख्खं अंगण पळायचे, आज ती तिशीची आहे आणि भोपळा म्हटलं की उठून जाते.

आजोबांचा पेढा तोडू नकोस, म्हातारा माणूस हौसेनं आणतो. फक्त वेळ बदल, रात्रीच्या जेवणानंतर, चौथाई तुकडा. आणि वाढायचं काम सासूबाईंनाच दे, 'आई, तुमच्या हातनं खातोय बघा' असं एकदा म्हणून तर बघ.

डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं तर दुधाबरोबर देऊ नकोस, शी काळी झाली तर घाबरू नकोस, आणि बाटली पोराच्या हाताला लागणार नाही अशी उंच फळीवर ठेव, जास्त पोटात गेलं तर धोका असतो. ते पोपडे निघालेत तिथं पलंग सरकवून ठेव तोवर. रिपोर्ट आला की आकडा लिहून पाठव मला.