पेरूत माचू पिचू बघायला आम्ही नवरा-बायको दोघंच जातोय. कुस्कोला आधी किती दिवस राहावं?

उत्तर: आधी नका राहू, कुस्को शेवटी ठेवा.

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिचू २,४३० मीटरवर. म्हणजे शहरच जवळजवळ हजार मीटर उंच! थेट तिथे उतरलं की डोकं ठणकतं, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. आम्ही विमानतळावरून तडक टॅक्सीने कुस्कोपेक्षा खाली असलेल्या ओयांताइतांबो गावी गेलो, दोन रात्री राहिलो. माचू पिचूची रेल्वेगाडीही तिथूनच मिळते.

आणि या गावाला नुसता थांबा समजू नका. वर सूर्यमंदिरात सहा प्रचंड गुलाबी शिळा उभ्या आहेत, दोन शिळांमध्ये दगडाची अरुंद पट्टी बसवलेली. खाण नदीपलीकडच्या डोंगरात. तिथून लोखंडी हत्यारं आणि चाकाच्या गाड्या नसताना हे दगड खाली उतरवून, नदी ओलांडून इथवर चढवले. काही वाटेतच राहिले, त्यांना तिथे ‘थकलेले दगड’ म्हणतात. हा माझ्या नवऱ्याच्या फार जिव्हाळ्याचा शब्द झाला. संध्याकाळी गल्लीत बसा, इंकांच्या काळच्या पाटातून अजून पाणी खळाळत असतं.

माचू पिचूची तिकिटं वेळ आणि मार्ग ठरवूनच मिळतात. ती आधी काढा, मग गाडीची. वायना पिचू शिखर चढायचं असेल तर ते तिकीट वेगळं. चालत जाणार असाल तर फेब्रुवारी टाळा, तेव्हा इंका ट्रेल बंद असतो. मूळ पासपोर्ट दोघांनीही जवळ ठेवा.