वाचकांचे प्रश्न : कायमचे सोडण्याआधी

पाळीव प्राण्यांविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर असा आहे की, प्राणी निवारा केंद्र म्हणजे नको झालेला प्राणी नेऊन सोडण्याची जागा. ही समजूत मला मनापासून खटकते, कारण चांगल्या निवाऱ्याचे निम्मे काम प्राणी त्याच्या स्वतःच्या घरातच राहावा यासाठी चाललेले असते. निवडक चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा चार वर्षांचा बोका महिनाभरापासून वाळूचा ट्रे सोडून पलंगावर आणि पायपुसण्यावर लघवी करतो. घरातील सर्वजण वैतागले आहेत. निवारा केंद्र त्याला कायमचे ठेवून घेईल का?

उत्तर : बहुतेक केंद्रे आधी वेळ ठरवून, त्याच्या आरोग्याची आणि स्वभावाची माहिती लिहून घेऊन मगच प्राणी स्वीकारतात. ती माहिती घेतानाच आपल्याला विचारतील की, बोका लघवीला बसल्यावर किती वेळ बसून राहतो. तो पुन्हा पुन्हा बसत असेल, कण्हत असेल आणि थेंबभरच लघवी होत असेल किंवा मुळीच होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे, कारण बोक्यांमध्ये हा अडथळा एक-दोन दिवसांत जीवघेणा ठरू शकतो. तसे काही नसले तरी लघवीची तपासणी करून घ्यावी. अनेक निवाऱ्यांच्या दवाखान्यात ती कमी खर्चात होते.

तपासणीत दोष निघाला नाही, तर निवाऱ्यातील वर्तन-सल्लागाराशी बोलावे. अशाच तक्रारीवरून सोडायला आणलेली एक मांजरी मला आठवते. तिच्या घरी ट्रेची जागा विचारली, तेव्हा कळले की तो नव्या वॉशिंग मशीनला खेटून ठेवला होता आणि मशीनमधील पाणी जोराने बाहेर पडू लागले की ती ट्रेमधून उडी मारून पळत असे. ट्रे शांत कोपऱ्यात नेला आणि मांजरी घरीच राहिली. आपणही ट्रे कोठे आहे, त्यावर झाकण आहे का, सुगंधी वाळू नुकतीच आणली आहे का, हे पाहावे. घरात जितकी मांजरे असतील त्यापेक्षा एक ट्रे अधिक ठेवावा. खराब झालेली जागा एन्झाइमयुक्त द्रावणाने धुवावी. अमोनियाचा वास असलेले द्रावण वापरू नये, कारण मांजराला तो वास लघवीसारखाच वाटतो. बोक्याची नसबंदी झालेली नसेल आणि तो भिंतीवर, कपाटावर उभ्यानेच फवारा मारत असेल, तर नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय कमी होते. मात्र त्याला काही आठवडे लागू शकतात.

हे सर्व करून पाहा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण घरात वाढलेले मांजर पिंजऱ्यात आले की पुष्कळदा मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते आणि अन्नाला तोंड लावत नाही. मांजराचे दोन-तीन दिवसांचे उपाशी राहणेसुद्धा, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृताला बाधू शकते.

प्रश्न : मी सत्तरीची असून एकटी राहते. पुढील महिन्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. माझी अकरा वर्षांची कुत्री कोण सांभाळणार? नातेवाईक म्हणतात, निवाऱ्यात देऊन टाक. एकदा दिली की ती परत मिळेल का?

उत्तर : आपल्यासारख्यांसाठीच अनेक निवाऱ्यांत तात्पुरत्या सांभाळाची सोय असते. मालकाचे आजारपण किंवा घर अचानक सोडावे लागणे अशा प्रसंगी प्राण्याला ठरावीक मुदतीसाठी ठेवून घेतात आणि शक्य असल्यास पिंजऱ्यात न ठेवता एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी देतात. वय झालेल्या कुत्रीसाठी घरच मागावे; रात्रभर इतर कुत्र्यांचे भुंकणे ऐकत पडून राहणे तिला सोसणार नाही.

आपली भीती मात्र अनाठायी नाही, कारण निवाऱ्यात कागद दोन प्रकारचे असतात. एकाने प्राण्याची मालकी कायमची निवाऱ्याकडे जाते आणि मग तो दुसऱ्या कुटुंबाला दत्तक देता येतो. दुसरा केवळ सांभाळाचा करार असतो. सही करण्यापूर्वी कोणता कागद समोर आहे हे वाचून घ्यावे आणि आपला करार सांभाळाचाच असावा. त्यात परत नेण्याची तारीख, बरे होण्यास अधिक दिवस लागल्यास मुदत कशी वाढेल, ती आजारी पडल्यास उपचारांचा निर्णय कोण घेईल आणि आपल्याशी संपर्क होऊ शकला नाही तर कोणाला विचारायचे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. आपण रुग्णालयात असताना फोन घेऊ शकणार नाही, म्हणून शेवटचा मुद्दा मोकळा सोडू नये.

लसी राहिल्या असतील तर आजच चौकशी करावी. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्याला दिवस जावे लागतात. तिची औषधे, नेहमीचे खाणे आणि फिरण्याच्या वेळा एका कागदावर लिहून द्याव्यात. सोबत आपली वापरलेली, न धुतलेली चादर द्यावी. अनोळखी घरात पहिल्या रात्री कुत्रे माणसाच्या वासाचा आधार शोधते. ती चादर नाकाखाली घेऊन झोपी गेलेले कुत्रे मी पाहिले आहे. आपण घरी परतल्यावरही काही आठवडे साखळी ओढणारे कुत्रे आपल्या गुडघ्याला झेपणार नाही, तेव्हा तिला फिरवून आणायला स्वयंसेवक येतील का, हेही आधीच विचारून ठेवावे.

प्रश्न : निवाऱ्यात कुत्र्याला मायक्रोचिप बसवून देतात. तिच्यामुळे हरवलेला कुत्रा कोठे आहे ते मोबाइलवर दिसते का?

उत्तर : नाही. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात बॅटरी नसते. सुईने ती खांद्यांच्या मधोमध त्वचेखाली बसवतात. स्कॅनर जवळ नेल्यावरच तिच्यातील क्रमांक उमटतो. सध्याच्या प्रमाणित चिपमध्ये तो १५ अंकी असतो. त्या क्रमांकापुढे नोंदवहीत आपला जुनाच फोन नंबर राहिला असेल तर चिप असून उपयोग नाही, म्हणून घर किंवा नंबर बदलताच नोंद बदलावी. गळ्यातील पट्ट्यावरही नंबर असू द्यावा. वाटेवरच्या माणसाकडे स्कॅनर नसतो.

प्रश्न : आमच्या जिन्याखाली मांजराची चार पिल्ले सापडली आहेत, आई दिसत नाही. लगेच निवाऱ्यात न्यावीत का?

उत्तर : पिल्ले पोट भरलेली, उबदार आणि शांत झोपलेली असतील तर हात लावू नये. आई बहुधा खाणे शोधायला गेली असेल, आणि माणूस जवळ उभा असेपर्यंत ती परत येणार नाही. पिल्लांभोवती पिठाची बारीक रेघ ओढावी आणि दूर जावे. काही तासांनी पिठात पंजांचे ठसे उमटले असतील तर आई येऊन गेली. एवढ्या लहान वयात आईला पर्याय नाही. निवाऱ्यातील उत्तम काळजीसुद्धा तिची बरोबरी करत नाही.

पिल्ले थंडगार असतील, सारखी रडत असतील किंवा पोटे खपाटीला गेली असतील, तर मात्र थांबू नये. आधी ऊब द्यावी, दूध नंतर, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि निवाऱ्याला फोन करावा. गायीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात. निवाऱ्यात मांजराच्या पिल्लांसाठीचे दूध आणि छोटी बाटली मिळू शकते. पाजताना पिल्लू आईजवळ पालथे असते तसेच ठेवावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसांत जाते. अगदी नवजात पिल्लांना दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पुसून लघवी-शी करवावी लागते. हे जमणार नसेल तर निःसंकोच सांगावे. त्यासाठी शिकवून तयार केलेले स्वयंसेवक निवाऱ्याकडे असतात.

आई परत आली असेल तर तिची नोंदही निवाऱ्यात करावी. पिल्ले अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत पुन्हा विते. म्हणून पिल्ले स्वतः खाऊ लागली की निवाऱ्याची माणसे तिला जाळीच्या पिंजऱ्यात पकडून नेतात, नसबंदी करतात, लस टोचतात आणि भूल दिलेली असतानाच एका कानाचे टोक सरळ कापतात. ती सवयीच्या जागी परत आल्यावर त्या कानावरून दुरूनही कळते की तिला पुन्हा पकडण्याची गरज नाही.