नोटेवरचे मास्तर

प्रश्न : माझा मुलगा टांझानियात दार-एस-सलामला नोकरीला आहे. तिथल्या हजार शिलिंगच्या नोटेवर देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे आहेत आणि लोक त्यांना अजून ‘म्वालिमु’ म्हणतात. देशाची अर्थव्यवस्था यांनीच बुडवली ना? मग एवढा मान कशाचा? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ‘म्वालिमु’ म्हणजे मास्तर, आणि हे खरेच मास्तर होते. १९५२ साली एडिंबरोहून एम.ए. होऊन आले, पुगूच्या मिशनरी शाळेत शिकवू लागले. १९५४ मध्ये स्वातंत्र्यासाठी ‘टानू’ पक्ष काढला. पुढच्या वर्षी नोकरी की राजकारण असा पेच पडला, तेव्हा नोकरी सोडली. माझीही तीस वर्षं फळ्यासमोर गेली; महिन्याचा पगार सोडायला काय लागतं, ते मला विचारा.

तुमचा आक्षेप मात्र खोटा नाही. १९६७च्या अरुशा जाहीरनाम्यात त्यांनी समाजवादाचं धोरण मांडलं, त्यानंतर बँका सरकारजमा झाल्या. या समाजवादाचं नाव ‘उजामा’, म्हणजे कुटुंबभाव. पण त्याच नावाखाली १९७३नंतर लाखो लोकांना सक्तीने नव्या गावांत नेऊन बसवलं. घर एकीकडे, शेत कोसभर लांब. पिकणार काय? विरोधकांना खटल्याविना डांबण्याचा कायदाही यांच्याच राजवटीतला.

आता एक गंमत सांगतो. राष्ट्राध्यक्ष असताना या गृहस्थांनी शेक्सपिअरची दोन नाटकं तिथल्या स्वाहिली भाषेत आणली. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चं नाव ठेवलं ‘माबेपारी वा वेनिसी’. ‘बेपारी’ शब्द ओळखीचा वाटतो ना? आपल्याकडच्या व्यापाऱ्यांबरोबर तो त्या किनाऱ्यावर उतरला आणि तिथे त्याचा अर्थ झाला भांडवलदार! हे १९६९चं. दोनच वर्षांनी भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांचे बरेच मालक भारतीय वंशाचे होते. पुष्कळांनी देश सोडला.

तरीही मान आहे, कारण सव्वाशेच्या आसपास जमाती स्वाहिलीच्या एका धाग्यात ओवल्या गेल्या, खेड्यापाड्यांत शाळा गेल्या. आणि १९८५ मध्ये ते स्वतःहून राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले, पुढे बुटियामा या आपल्या गावी शेती करू लागले. आपल्या सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली त्यांनाच मिळाला.

मुलाला म्हणावं, जुन्या बाजारातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुजराती दुकानदाराशी बोल. दुकानाला तिथेही ‘दुका’च म्हणतात. त्याला १९७१ साली सरकारकडे गेलेली इमारत आठवत असेल, आणि भिंतीवर म्वालिमुंचा फोटोही असेल कदाचित.