हळद, पेपर आणि सायटेशन्स

सांगली, विश्रामबाग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं त्या शास्त्रज्ञांचं गूगल स्कॉलरचं पान सावकाश पाहिलं. वैद्यकातही पेपर, वनस्पतिशास्त्रातही पेपर. खाली तुझा प्रश्न : 'सर, हळदीच्या कंदकुजीच्या (कंद सडण्याच्या रोगाच्या) कामाला कोण विचारतं? त्यापेक्षा हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन घेऊन कॅन्सरच्या पेशींवर काही करू का?' हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

आधी ते पान नीट वाच. सायटेशन म्हणजे दुसऱ्याने आपल्या पेपरात दिलेला तुझ्या पेपरचा संदर्भ. एच-इंडेक्स 40 म्हणजे प्रत्येकी किमान 40 सायटेशन्स मिळालेले 40 पेपर. 2005 साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप काढलं, आणि जीवशास्त्रवाल्यांचे आकडे भौतिकशास्त्रवाल्यांपेक्षा मोठे येतात हे त्यानेच तेव्हा नोंदवलं होतं. या पानावरचे वरचे पेपर उघडून बघ. अनेक देशांनी मिळून केलेल्या आजारांच्या पाहण्या आहेत, लेखकांची यादीच शेकड्यांत. सायटेशन मात्र प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा होतं. त्याखाली रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचे आढावे. झाडांवरचं त्यांचं स्वतःचं काम, जे मला सगळ्यात चोख वाटलं, ते पार तळाशी आहे. त्यात त्यांचा दोष नाही. वैद्यकात माणसं जास्त, संदर्भांच्या याद्या लांब, घाईही जास्त.

इम्पॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे जर्नलचं वजन सांगणाऱ्या आकड्याचं, गणित तर आपल्या पिकाला लागूच पडत नाही. एखाद्या वर्षी मिळालेली सायटेशन्स मोजायची, पण फक्त आधीच्या दोन वर्षांतल्या पेपरांची. आपली हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावायची आणि काढायला माघ-फाल्गुन उजाडतो. तुझा पेपर वाचून कुणी दोन हंगाम प्रयोग केला, लिहिला, छापून आणला, तोवर ती दोन वर्षं कधीच सरलेली असतात. शिवाय हळद त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, म्हणून बी धरत नाही. नवा वाण काढायचा तर बेण्यातूनच निवड करत बसायचं. डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रावर जाऊन विचार, एका वाणामागे किती हंगाम जातात ते.

आता कर्क्युमिन. ते पाण्यात टिकत नाही, स्वतःच चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे प्लेट रीडरवर, म्हणजे नमुन्यातला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, सुंदर आकडा येतो आणि तो औषधाचा की नुसत्या चमकण्याचा, हे सांगता येत नाही. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित जर्नलने हा सगळा हिशोब मांडला : हजारो पेपर, शंभराहून अधिक चाचण्या, पण प्लासिबोशी (औषध नसलेल्या खोट्या गोळीशी) तुलना केलेल्या दुहेरी अंध चाचणीत, म्हणजे कुणाला काय दिलं हे रुग्णालाही डॉक्टरलाही माहीत नसलेल्या चाचणीत, ठामपणे यशस्वी ठरलेली एकही नाही. सायटेशन्स मात्र रग्गड. त्या गर्दीत तू कशाला शिरतेस?

त्यातले चार पेपर काढ आणि फक्त 'मटेरियल्स अँड मेथड्स' वाच. 'हळद स्थानिक बाजारातून आणली.' बस्स! वाण सेलम की राजापुरी, कुठल्या जमिनीतली, हळकुंड की गड्डा, शिजवली किती वेळ, काही नाही. हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना ठेवल्याचा क्रमांक नाही. मग दुसऱ्याने तोच प्रयोग करायचा कसा? खरी उणीव इथे आहे, आणि ती डॉक्टर भरून काढणार नाहीत. वाण, गाव, माती, काढणीची तारीख, कंदकुज आणणाऱ्या पायथियमची लागण किती, हे लिहून नमुना कोल्हापूरला विद्यापीठात जमा कर. मग तुझ्या कंदकुजीच्या कामाला वैद्यकवालेही हात लावतील.

1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, माहीत असेलच. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने आव्हान दिलं, 1997 मध्ये ते रद्द झालं. पुराव्यात काय होतं? जुने ग्रंथ तर होतेच, पण इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला 1953 चा एक लेखही होता. तो लिहिला गेला तेव्हा सायटेशन्स नोंदवणारी सूची, सायन्स सायटेशन इंडेक्ससुद्धा जन्माला यायचा होता. तो आला 1964 ला. लिहिणाऱ्याने पद्धत आणि निरीक्षणं छापून ठेवली होती, म्हणून चार दशकांनी ती पेटंट ऑफिसात कामी आली.

नोकरीच्या मुलाखतीत आकडे विचारतात, हे मी नाकारत नाही. विचारतील तेव्हा आपल्या विषयातल्या, आपल्याएवढीच वर्षं काम केलेल्या माणसांशी तुलना करून सांग. आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक, आजच काढ. तुझ्या नावावर गूगलने दुसऱ्याच एका पाटलांचे दोन पेपर चिकटवलेत, त्यातला एक सिमेंटवरचा आहे. सांगली-साताऱ्यात पाटील किती, हे मी तुला सांगायला नको.

गाइडना विचारून कंदकुजीच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा पाठव. तक्ते नंतर पाहू, आधी मेथड्स पाठव.

तुझा,
सर