पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते का? घाट उतरताना नक्की करायचं काय?

तुमचं म्हणणं असं, की आंबा घाट उतरताना १२५ सीसी गाडीचा मागचा ब्रेक घाटाखालच्या साखरप्याच्या अलीकडे लागेनासा झाला, चहा पिऊन निघालात तर पुन्हा ठीक. आणि पुढच्याला हात लावू नको, अशी घरच्यांची ताकीद.

ब्रेक बिघडला नव्हता, तापला होता. मागचा ड्रम म्हणजे बंद डबा. अख्खा घाट पॅडलवर पाय ठेवून उतरलात, तर आतल्या लायनरची, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांची, उष्णता जाणार कुठे? लायनर फार तापले की पकड सोडतात. जळका वास आला होता का, आठवून बघा. चहा होईपर्यंत ड्रम निवला, इतकंच.

घाटात पहिला ब्रेक इंजिनाचा. जो चढ दुसऱ्या-तिसऱ्यात चढाल, तो त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वेग उतरला की सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आमच्याकडे गावागणिक आहेत, त्यांचं ऐकू नका. स्कूटरला गिअर नाहीत, इंजिनाची अडवणूकही कमी, म्हणून तिला मध्ये थांबवून गार होऊ द्यावं.

आता पुढचा ब्रेक. वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं पडतं. त्यामुळे एकटा मागचा जोरात दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी मागून सरकते. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच करतो. फक्त तो झटक्यात आवळायचा नाही: हँडल सरळ, दोन बोटांनी आधी हलका, पुढचा शॉकअप बसला की वाढवत न्यायचा. गंमत म्हणजे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं आहे. तुमची सीबीएसवाली असेल तर मागचा दाबला की थोडा पुढचाही लागतोच. घरच्यांना हे सांगून बघा. मात्र सीबीएस चाक लॉक होणं थांबवत नाही, ते काम एबीएसचं.

मी हे सायकलवर शिकलो. नववीत होतो, आषाढातला पाऊस, कातळसड्यावरून खाली बंदराकडे उतरत होतो. दोन्ही ब्रेक दाबले, काहीच नाही. ओली स्टीलची रिम, त्यावर रबराचे ठोकळे; चाकाचे बरेच फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. मी घाबरून उजवा, म्हणजे पुढचा, पूर्ण आवळला आणि नेमकी तेव्हाच रिम कोरडी झाली. सायकल जागेवर, मी दगडी गडग्यापलीकडे. कोपराला जांभ्याने सोललेली खूण अजून आहे. ओल्यात ब्रेक आधीच हलके टेकवून रिम पुसून घ्यायची, हे त्या दिवशी कळलं. (सायकल मामाची होती, ते वेगळंच.)

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उतारावर वाळू, मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी, पहिल्या पावसाचा लाल चिखल, सावलीतलं शेवाळ: यांच्यावर असताना कुठलाच ब्रेक जोरात नको, वेग त्यांच्या आधीच उतरलेला हवा. ६० च्या वेगाला ब्रेक लावल्यावर ३० च्या चौपट अंतर लागतं. दुप्पट नाही, चौपट.

खाऱ्या हवेत ब्रेकची केबल आतून गंजते, डिस्कच्या कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या चिमट्याच्या) पिना अडकतात. पावसाळ्याआधी दोन्ही साफ करून ग्रीस करून घ्या. पुढे डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं: नवं डॉट ४ प्रकारचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ लाही उकळू शकतं. मग बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ लागतो.

सगळ्यात आधी मागचा ड्रम उघडून लायनर बघा. काचेसारखे चकाकत असतील तर सरळ बदला. गॅरेजवाला पॉलिश पेपर मारून "चालतंय अजून" म्हणेल, पण घाट तुम्हाला उतरायचाय.